कोडशिवाय गेम बनतो, पण काय शिकावे लागते तेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘एक ओळही कोड न लिहिता स्वतःचा व्हिडिओ गेम बनवा’ हे वाक्य सध्या लेखांतून, जाहिरातींतून आणि शिबिरांच्या माहितीपत्रकांतून सतत वाचायला मिळते. वाक्य खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे कुणी सांगत नाही आणि त्यात शिकणाऱ्याचे नुकसान होते. कोड लिहायचा नाही याचा अर्थ एवढाच, की कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी आज्ञा टाइप करायच्या नाहीत. कोणती गोष्ट कधी घडावी, किती वेळा घडावी आणि नेमकी कुणाच्या बाबतीत घडावी, हे संगणकाला सांगण्याचे काम तसेच शिल्लक राहते. नवशिके अडकतात ते याच तीन ठिकाणी. या अडचणी ठरलेल्या आहेत आणि त्यांवरचे उपायही ठरलेले आहेत. म्हणून हे पत्र नेहमीपेक्षा लांब झाले, तरी ते छापावे अशी विनंती आहे.

दुसऱ्या बाजूला, प्रोग्रॅमिंग येणारे अनेक जण या साधनांना पोरखेळ समजून झटकून टाकतात. तेही चूक आहे. मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या गेममेकरमध्ये आज्ञांची चित्रे माऊसने ओढून गेम बनवता येत असे. जपानमधली आरपीजी मेकर ही गेम बनवण्याच्या साधनांची मालिका त्याहून जुनी. ‘टू द मून’ हा २०११ चा गाजलेला गेम आरपीजी मेकरमध्ये बनला. २०१७ च्या ‘हॉलो नाइट’मध्ये कोडच्या जोडीला प्लेमेकर हे दृश्य-आज्ञांचे साधन वापरले गेले. अनरिअल इंजिन या गेम बनवण्याच्या साधनाने २०१४ मध्ये चौथ्या आवृत्तीबरोबर ब्लूप्रिंट ही चित्रांतून आज्ञा देण्याची सोय आणली, आणि व्यावसायिक स्टुडिओंतही ती रोज वापरली जाते. थोडक्यात, ही पद्धत पोटापाण्याच्या कामातही टिकलेली आहे.

साधन निवडताना मात्र एक गोष्ट पाहावी. आज्ञा चित्रांत मांडल्या म्हणून काम सोपे होत नाही. गोडो या मुक्त इंजिनात व्हिज्युअलस्क्रिप्ट नावाची सोय होती, ती चौथ्या आवृत्तीत काढून टाकली, कारण ती वापरणारे फारच थोडे होते. माझ्या मते कारण उघड आहे: तिथे कोडचीच प्रत्येक ओळ चौकोनात बसवलेली होती, डोक्यावरचा भार तेवढाच राहत होता. भार हलका होतो तो तयार वर्तनांमुळे. ‘हे पात्र चालते आणि उडी मारते’, ‘ही फळी पाय ठेवण्यासाठी आहे’, ‘ही गोळी सरळ जाते’ अशी वर्तने वस्तूला एका क्लिकने चिकटवता आली, की गुरुत्वाकर्षण आणि टक्कर यांचे गणित आपल्याला करावे लागत नाही. जीडेव्हलप आणि कन्स्ट्रक्ट या दोन्हींत ही सोय भरपूर आहे. जीडेव्हलप हा फ्लोरियान रिव्हाल यांनी सुरू केलेला मुक्त स्रोत प्रकल्प आहे. तो ब्राउझरमध्येही चालतो आणि संगणकावर उतरवूनही घेता येतो. ज्याला पळणारा, उड्या मारणारा गेम करायचा आहे त्याने तिथून सुरुवात करावी. ज्याला गोष्ट सांगायची आहे, वाचकाला पर्याय द्यायचे आहेत, त्याला एवढा पसारा नको. त्याने ट्वाइन घ्यावे. क्रिस क्लिमस यांचे हे साधन २००९ पासून आहे. त्यात परिच्छेदांच्या चौकटी जोडत जायचे, दुहेरी चौकटी कंसात शब्द लिहिला की पुढच्या परिच्छेदाची वाट तयार. आणि ज्याला एका संध्याकाळी काहीतरी पुरे करून पाहायचे आहे, त्याच्यासाठी बिट्सी: प्रत्येक खोली १६ बाय १६ चौकटींची, प्रत्येक चौकट ८ बाय ८ पिक्सेलची, रंग मोजकेच. त्यातली मर्यादाच उपयोगी पडते, कारण ठरवण्यासारखे फारसे उरतच नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिला गेम एका पडद्याचा असावा. नकाशा नको, दुकान नको, दहा पातळ्या नकोत. पात्र, चार-पाच फळ्या, दहा नाणी, एक शत्रू आणि ‘जिंकलात’ ही पाटी, बस्स. जीडेव्हलपमध्ये १२८० बाय ७२० चा सीन, म्हणजे गेमचा एक पडदा, घ्या. ६४ पिक्सेल उंचीचे पात्र आणून त्याला ‘प्लॅटफॉर्मर कॅरेक्टर’ हे वर्तन द्या, फळ्यांना ‘प्लॅटफॉर्म’ द्या. एवढ्यावर पात्र बाणांच्या कळांनी चालू लागते आणि शिफ्ट किंवा स्पेस कळेने उडी मारू लागते. ते जमिनीतून थेट खाली कोसळले, तर फळीला वर्तन द्यायचे राहिले आहे असे समजावे. पात्र दिसतच नसेल, तर पार्श्वभूमीचे चित्र त्याच्या पुढे आले आहे. त्या चित्राचा झेड क्रम, म्हणजे कोण पुढे दिसावे हे ठरवणारा आकडा, कमी करावा.

इथे बहुतेक जण पात्र इकडेतिकडे उडवत बसतात आणि फळ्या अंदाजाने ठेवतात. मग एखादी फळी कधीच गाठता येत नाही, आणि दोष कुठे हे कळत नाही. हे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचे आहे आणि दोन मिनिटांत होते. वर्तनाच्या खिडकीत उडीचा वेग, गुरुत्वाकर्षण आणि चालण्याचा कमाल वेग असे आकडे असतात. समजा उडीचा वेग ६००, गुरुत्वाकर्षण १००० आणि चालण्याचा वेग २५० आहे. उडीची उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षणाची दुप्पट: ३,६०,००० भागिले २,०००, म्हणजे १८० पिक्सेल. वर जायला ०.६ सेकंद, खाली यायला तेवढाच वेळ, एकूण १.२ सेकंद, तेवढ्या वेळात पात्र आडवे ३०० पिक्सेल जाते. म्हणजे सारख्या उंचीच्या दोन फळ्यांमध्ये ३०० पेक्षा जास्त अंतर ठेवले तर उडी जवळपास अशक्य होते. २३०-२४० ठेवावे, खेळणाऱ्याला चुकायला थोडी जागा हवी. समोरची फळी १०० पिक्सेल वर असेल तर पात्र तिच्या पातळीवर एका सेकंदातच परत येते, म्हणजे आडवे अंतर २५० वरच संपते. तिथे १९०-२०० पुरे. कळ दाबून धरल्यास उडी लांबवण्याची एक वेगळी सेटिंग असते. हा हिशेब करताना ती शून्यावर ठेवावी, नाहीतर आकडे जुळणार नाहीत.

उडी कमी वाटली की वेग दुप्पट करायचा मोह होतो. वेग ६०० चा १,२०० केला तर उंची दुप्पट होत नाही, चौपट होते. १८० ची ७२० होते आणि पात्र पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत पोचते. उंची दुप्पट हवी तर वेग साधारण १.४ पट करावा, म्हणजे ८५० च्या आसपास. उडी तरंगल्यासारखी वाटते ही तक्रारही नेहमीची. तिथे उडीचा वेग कमी करून उपयोग नाही. गुरुत्वाकर्षण आणि वेग दोन्ही वाढवावे लागतात. गुरुत्वाकर्षण दुप्पट आणि वेग १.४ पट केला की उंची तीच राहते, पण हवेतला वेळ १.२ सेकंदांवरून ०.८५ वर येतो आणि पात्राला वजन आल्यासारखे वाटते. अर्थात हवेतला वेळ घटला की आडवे अंतरही त्याच प्रमाणात घटते, म्हणून फळ्या नव्याने लावाव्या लागतात. आकडे आधी, नकाशा नंतर, हा क्रम म्हणूनच पाळायचा.

पुढचा भाग इव्हेंटचा, म्हणजे गेमच्या नियमांचा. डावीकडे अट, उजवीकडे कृती. ‘पात्र नाण्याला टेकले’ ही अट. ‘ते नाणे काढून टाका, स्कोअरमध्ये १० मिळवा, आवाज वाजवा’ ही कृती. दिसायला सरळ आहे. पण गेम या अटी दिवसातून एकदा तपासत नाही, सेकंदाला साधारण ६० वेळा तपासतो. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचे चित्र नव्याने काढले जाते त्या प्रत्येक वेळी, इव्हेंटचे संपूर्ण पान वरून खालपर्यंत वाचले जाते. ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली, तर निम्म्या चुका होणारच नाहीत. नाणे काढून टाकायची कृती विसरली, तर पात्र नाण्यावर उभे असेपर्यंत स्कोअर सेकंदाला ६०० ने वाढत राहतो. आवाज सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा सुरू होत गेल्याने चरचर ऐकू येते. अनेकांना वाटते ध्वनिफीत खराब आहे. फीत ठीकच असते.

यावर ‘ट्रिगर वन्स’ ही अट जोडायला सांगितले जाते. ती जोडली की अट खरी झाल्याच्या क्षणी कृती एकदाच होते, आणि अट खोटी होऊन पुन्हा खरी होईपर्यंत परत होत नाही. आवाजासाठी आणि ‘जिंकलात’ या पाटीसाठी ती योग्य आहे. मात्र सगळीकडे तीच ठोकून देणे बरे नाही. शत्रूला टेकल्यावर एक जीव कमी करायचा आहे असे समजा. काहीच न जोडता ठेवले तर तीन जीव तीन फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात संपतात; खेळणाऱ्याला वाटते की एका स्पर्शातच गेम संपला. ‘ट्रिगर वन्स’ जोडले तर पहिला जीव बरोबर जातो. पण ती अट संपूर्ण इव्हेंटसाठी असते, प्रत्येक शत्रूसाठी स्वतंत्र नसते. एका शत्रूला टेकलेले असताना दुसरा येऊन धडकला तर काहीच होत नाही, आणि शत्रूला चिकटून उभे राहिले तर पात्र सुरक्षित राहते.

खरे उत्तर टायमर. पात्राला ‘जखम’ नावाचा टायमर द्यावा. अट अशी: पात्र शत्रूला टेकले आहे आणि ‘जखम’ एका सेकंदापेक्षा जास्त झाला आहे. कृती: जीव एकाने कमी, टायमर पुन्हा शून्य. त्या एका सेकंदात पात्र अर्धपारदर्शक केले, म्हणजे २५५ ऐवजी १२० अपारदर्शकता दिली, की खेळणाऱ्यालाही कळते की आपण तात्पुरते सुरक्षित आहोत. सेकंद उलटल्यावर अपारदर्शकता परत २५५ करणारा वेगळा इव्हेंट लागतो, तो हमखास राहून जातो आणि पात्र कायमचे फिकट होते. आणखी एक खाच: सीन सुरू होताना टायमर सुरू केला नाही, तर ‘एका सेकंदापेक्षा जास्त’ ही अट कधीच खरी होत नाही. शत्रू मग काहीच करत नाही आणि दोष टक्करीत शोधला जातो.

तिसरी गाठ ‘कुणाच्या बाबतीत’ ही. व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा साठवायची नाव दिलेली जागा, मुख्यतः तीन ठिकाणी राहू शकतो: संपूर्ण गेममध्ये, एका सीनमध्ये किंवा एकेका वस्तूत. स्कोअर पुढच्या पातळीवर न्यायचा असेल तर तो संपूर्ण गेमचा हवा, नाहीतर पातळी बदलताच शून्य होतो. शत्रूची ताकद मात्र शत्रूच्या आतच हवी. ती सीनमध्ये ठेवली, तर पाच शत्रूंची ताकद एकच होते. पहिल्याला दोन गोळ्या आणि दुसऱ्याला एक गोळी लागली की तिसऱ्या गोळीला भलताच शत्रू मरतो. असे वागणे दिसले की आधी व्हेरिएबल कुठे ठेवला आहे ते पाहावे.

याचेच भावंड म्हणजे निवड. ‘गोळी शत्रूला टेकली’ या अटीने जीडेव्हलप फक्त त्याच गोळीची आणि त्याच शत्रूची निवड करतो, आणि त्या इव्हेंटमधल्या कृती त्यांनाच लागू होतात. अटीत ज्या वस्तूचा उल्लेखच नाही, तिच्यावर कृती लिहिली की ती त्या वस्तूच्या सगळ्या प्रतींना लागू होते. ‘स्पेस कळ दाबली’ एवढीच अट ठेवून ‘शत्रू काढून टाका’ लिहिले तर सीनमधले सगळे शत्रू एकदम नाहीसे होतात. संगणकाने सांगितले तेच केलेले असते. इव्हेंट लिहून झाला की तो मोठ्याने वाचावा आणि ‘कोणता शत्रू?’ असे विचारावे. अटीत उत्तर सापडले नाही, तर इव्हेंट अपुरा आहे.

जिंकण्याची अट ‘स्कोअर १०० झाला’ अशी ठेवू नये. उद्या नाणी बारा केलीत की ती मोडते. ‘सीनमधल्या नाण्यांची संख्या शून्य’ अशी ठेवावी. पात्र खाली पडले हे ओळखण्यासाठी त्याचा वाय, म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेपासून मोजलेले उभे स्थान, ८०० च्या पुढे गेला का ते पाहावे. ७२० वर लगेच परत आणले तर पडणे नीट दिसतही नाही. स्कोअर वाढतो पण पडद्यावरचा आकडा हलत नाही, ही तक्रार आली तर समजावे की व्हेरिएबल आणि पाटी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बिनअटीच्या एका इव्हेंटमध्ये पाटीचा मजकूर व्हेरिएबलमधून दर फ्रेमला भरावा लागतो. पाटी वेगळ्या लेयरवर (थरावर) ठेवावी, म्हणजे पुढे कॅमेरा हलू लागला तरी ती जागची हलत नाही.

वेगाबद्दलची एक चूक स्वतःच्या संगणकावर कधीच दिसत नाही. वस्तू हलवण्यासाठी ‘एक्समध्ये (आडव्या स्थानात) ५ मिळवा’ असे लिहिले, की ती सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर ३०० पिक्सेल जाते. तोच गेम १४४ फ्रेमच्या पडद्यावर ७२० पिक्सेलने पळू शकतो, आणि दमलेल्या जुन्या संगणकावर तीच वस्तू रांगते. ५ ऐवजी ‘३०० गुणिले टाइमडेल्टा’ लिहावे. टाइमडेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, सेकंदात. किंवा बल देण्याची तयार कृती वापरावी, तिचा आकडा मुळातच दर सेकंदाला पिक्सेल असा असतो. तयार वर्तने हे स्वतःच सांभाळतात, गडबड होते ती आपण हाताने हलवलेल्या वस्तूंत.

टक्करीची चौकट, म्हणजे वस्तू टेकली की नाही हे ठरवणारी न दिसणारी कड, हा असाच एक छुपा विषय. चालण्याच्या चित्रमालिकेत एका चित्रात हात पुढे असतो, दुसऱ्यात मागे; प्रत्येक चित्राची टक्कर-चौकट वेगळी राहिली की पात्र भिंतीजवळ चालताना अडकते, थरथरते किंवा फळीत रुतते. सगळ्या चित्रांना एकच साधा आयत द्यावा, तोही चित्रापेक्षा थोडा अरुंद. ६४ रुंदीच्या पात्राला ४० चा आयत पुष्कळ झाला. शत्रूचा आयत चित्रापेक्षा लहान आणि नाण्याचा थोडा मोठा ठेवला, तर गेम खेळणाऱ्याला न्याय्य वाटतो. गोळ्या भिंतीतून आरपार जातात त्याचे कारण वेगळे. १,२०० वेगाची गोळी एका फ्रेमला २० पिक्सेल पुढे सरकते. भिंत १० पिक्सेलची आणि गोळी ४ ची असेल, तर एका फ्रेमला ती भिंतीच्या अलीकडे आणि पुढच्या फ्रेमला पलीकडे असू शकते. मधल्या क्षणी कुणी तपासलेच नाही. भिंत ३२ ची करावी किंवा गोळीची चौकट लांब करावी.

शाळेत, विशेषतः लहान वर्गांत, स्क्रॅचला पर्याय नाही. एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते घडवले आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यात गुरुत्वाकर्षण तयार मिळत नाही. ही उणीव वाटेल, पण मला ती शिकण्याच्या दृष्टीने लाभाची वाटते. मंच ४८० बाय ३६० चा, मध्यबिंदू शून्य, म्हणजे आडवे उणे २४० ते २४० आणि उभे उणे १८० ते १८०. ‘वेग’ नावाचा व्हेरिएबल घ्यावा. उडीच्या वेळी तो १२ करावा; मग कायम चालणाऱ्या फेऱ्यात वायमध्ये वेग मिळवावा आणि वेगातून १ वजा करावा. पात्र १२ अधिक ११ अधिक १० असे करत ७८ एकके वर जाते आणि तसेच खाली येते. मुलांनी ही बेरीज कागदावर करून मग पडद्यावर पडताळून पाहावी. खाली येताना वेग उणे १२ असतो, म्हणून पात्र जमिनीत दहा-अकरा एककांपर्यंत रुतू शकते. उपाय असा: जमिनीला टेकलेले असेपर्यंत वाय १ ने वाढवत राहायचे आणि मग वेग शून्य करायचा. हा तुकडा ‘माय ब्लॉक्स’मध्ये ठेवून ‘स्क्रीन रिफ्रेशशिवाय चालवा’ ही खूण केली नाही, तर पात्र जमिनीतून हळूहळू वर येताना दिसते. क्लोन, म्हणजे गेम चालू असताना तयार होणाऱ्या वस्तूच्या प्रती, एका वेळी ३०० पर्यंतच होतात. गोळ्या पडद्याबाहेर गेल्यावर त्या क्लोनला काढून टाकले नाही, की काही वेळाने बंदुकीतून गोळी सुटेनाशी होते आणि कुठेही चूक दाखवली जात नाही. शत्रूच्या क्लोनची ताकद ठेवताना ‘फक्त या स्प्राइटसाठी’ (स्प्राइट म्हणजे स्क्रॅचमधले पात्र किंवा वस्तू) हा पर्याय निवडायचा. वर जीडेव्हलपच्या बाबतीत सांगितलेला व्हेरिएबलचा मुद्दा इथेही तोच आहे.

चित्रांबाबत थोडक्यात: १६ बाय १६ ची पिक्सेल-चित्रे मोठी करताना पूर्णांकानेच गुणावे. ४ पटीने ६४ होतात आणि छान दिसतात. साडेतीन पटीने काही पिक्सेल जाड, काही बारीक होतात. चित्राच्या सेटिंगमधले स्मूदिंग बंद करावे, नाहीतर सगळे धुरकट दिसते. तयार चित्रे वापरायला हरकत नाही, पण परवाना वाचावा. सीसी-शून्य असेल तर नाव न देताही वापरता येते, सीसी-बाय असेल तर श्रेय देणे बंधनकारक आहे. केनी या नावाने मिळणारे संच सीसी-शून्य आहेत आणि नवशिक्याला वर्षभर पुरतील.

मराठीत गेम करू पाहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. पडद्यावर मजकूर दाखवण्याचे दोन प्रकार असतात. साध्या मजकूर-वस्तूत ब्राउझर किंवा प्रणाली अक्षरे जुळवते. तिथे देवनागरी असलेला युनिकोड फॉन्ट प्रकल्पात टाकला की ‘शक्ती’, ‘प्रश्न’, ‘किल्ला’ नीट दिसतात. बिटमॅप किंवा स्प्राइट फॉन्टमध्ये मात्र एकेक अक्षराचे चित्र ओळीने ठेवले जाते. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षरे सुटी होऊन हलन्त दिसतात, रफार हरवतो. दुरुस्त करत बसू नये, त्याला उपाय नाही. मजकूर-वस्तू वापरावी, किंवा शीर्षकासारखे मोजके शब्द चित्र म्हणूनच बनवून घ्यावेत. फॉन्ट प्रकल्पात न टाकता संगणकावरच्या फॉन्टवर विसंबले, तर दुसऱ्याच्या फोनवर वेगळाच टंक येतो आणि ओळी चौकटीबाहेर जातात. मराठी शब्दांना इंग्रजीपेक्षा उंचीही जास्त लागते, वर मात्रा आणि खाली उकार असतो; बटणाची उंची त्या हिशेबाने ठेवावी.

गेम दुसऱ्याच्या हातात देण्याचा टप्पा शिबिरांत बहुतेक वेळा गाळलाच जातो, आणि तिथेच अनेकांचे काम अडकते. वेबसाठी एक्स्पोर्ट केल्यावर जो फोल्डर मिळतो त्यातली इंडेक्स डॉट एचटीएमएल ही फाइल डबल-क्लिक करून उघडली, तर बहुधा काळा पडदा दिसतो. ब्राउझर थेट डिस्कवरून इतर फाइली वाचू देत नाही. गेम सर्व्हरवर चढवूनच तपासावा. इच डॉट आयओसारख्या गेम ठेवण्याच्या संकेतस्थळावर झिप फाइल चढवताना इंडेक्स फाइल झिपच्या पहिल्या पातळीवर ठेवावी. फोल्डरचीच झिप केली की ती एक पातळी आत जाते आणि सापडेलच असे नाही. फाइलींच्या नावांत लहान-मोठी इंग्रजी अक्षरे जुळतात का ते पाहावे. विंडोज त्यात फरक करत नाही, सर्व्हर सहसा करतो. घरी दिसणारे चित्र तिथे गायब होते. पार्श्वसंगीत सुरू होत नाही याचे कारण बहुतेकदा ब्राउझरचा नियम: वापरणाऱ्याने एकदा क्लिक किंवा स्पर्श केल्याशिवाय आवाज वाजवू दिला जात नाही. सुरुवातीला ‘खेळा’ हे बटण ठेवावे, संगीत त्यानंतर सुरू करावे. फोनवर बाणांच्या कळा नसतात, पडद्यावरची बटणे द्यावी लागतात, हेही आधीच ठरवलेले बरे.

या पद्धतीची हद्दही सांगायला हवी. इव्हेंट दोनशेच्या पुढे गेले आणि ते गटांत, नावे देऊन लावलेले नसतील, तर स्वतःचाच गेम वाचता येत नाही. सामानाची यादी, वाटाघाटी करणारी पात्रे, नेटवरून एकत्र खेळणे अशा गोष्टींत सूत्रे आणि याद्या वापराव्याच लागतात, आणि त्या क्षणी शिकणारा कोडच्या दारात उभा असतो. तिथे पोचलेल्याला व्हेरिएबल, अट, फेरा हे आधीच कळलेले असते. त्याला नवी असते ती फक्त लिहिण्याची रीत.

आपल्या पुरवण्यांत या विषयावर पुन्हा मजकूर येईलच. त्या वेळी साधनांची यादी देऊन थांबू नये. एका पडद्याचा एक गेम पहिल्या क्लिकपासून झिप फाइलपर्यंत आकड्यांसह छापावा. पालकांनीही शिबिराला नाव घालण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: शेवटी मुलाचा गेम घरच्या दुसऱ्या एखाद्या फोनवर उघडेल का, आणि ‘उडी थोडी उंच कर’ म्हटल्यावर कोणता आकडा किती बदलायचा हे त्याला सांगता येईल का.

आपला,
एक नियमित वाचक